दोन्या त्रान्सितोचा लाल फ्रिज

एल तेहार गावात दोन गोष्टींना कधीच कुलूप नसायचं: चर्चला आणि दोन्या त्रान्सितोच्या तोंडाला. चर्चमध्ये चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिच्या तोंडाला बसेल असं कुलूप इंतिबुका जिल्ह्याच्या सगळ्या डोंगरात कुणी बनवलं नव्हतं. तिच्या दुकानात मीठ, मेणबत्त्या, साबण, बॅटरीचे सेल, रबरी बूट आणि सार्डिनचे डबे मिळत. दोन अंडी घ्यायला आलेलं माणूस अंडी घेऊन जायचंच. शिवाय कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या गाढवाने कुणाचा मका खाल्ला आणि त्याचं स्वतःचं पोट हल्ली का सुटलंय, हेही ऐकून जायचं. अंड्यांचे पैसे लागत, बाकीचं फुकट.

तिचा नवरा दॉन कातारिनो कौलं करायचा. (तिकडे मानाने बाईला दोन्या म्हणतात आणि बाप्याला दॉन.) बायको जितकी बोलायची तितका तो गप्प, आणि दिवसातून एकदा तोंड उघडलं की तिच्या दिवसभराच्या बोलण्यावर पाणी फिरवणारं एखादं वाक्य टाकायचा. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं त्यांचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं. मधल्या काळात चार मुलं झाली, मोठी झाली, कामासाठी उत्तरेला परदेशात निघून गेली. भांडणाचा मूळ मुद्दा काय होता, हे दोघंही विसरले होते. पण म्हणून कुणी चालतं भांडण टाकून देतं का?

अशा या कातारिनोला साखर लागली. आधी पाण्याचे घडे रिकामे करू लागला, मग विजारी ढगळ झाल्या. गोळ्या झाल्या, कडू पाल्याचे काढे झाले. शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं, आता इन्सुलिन टोचल्याशिवाय हा माणूस जगणार नाही. इन्सुलिन थंडीत ठेवावं लागतं. एल तेहारमध्ये वीज होती, फ्रिज मात्र एकाही घरात नव्हता. आणि इस्पितळ बसने अर्ध्या दिवसावर. तिथे पोचेपर्यंत औषधाच्या खिडकीवर "संपलं" अशी पाटी लटकलेली असायची. पाटी छान होती, रंगवून घेतलेली. रोज लागणारी वस्तू माणूस टिकाऊच करून घेतो.

मग युती आली.

युती म्हणजे तिघांची. आरोग्य मंत्रालयाकडे औषध होतं, पण ते डोंगरात न्यायला गाडी नव्हती. रुबिना कंपनीच्या गाड्या तर देव पोचला नाही अशा वाड्यांवर पोचत होत्या, लाल रंगाचं, दात शिवशिवतील इतकं गोड सरबत घेऊन. आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा निधीकडे पैसा होता, पण तो कुणाला द्यावा हे त्यांना कळत नव्हतं. तिघांनी हात मिळवले, फोटो काढले, आणि एका सकाळी रुबिनाच्या ट्रकमधून एक भला थोरला लाल फ्रिज दोन्या त्रान्सितोच्या दुकानात उतरला. तीन खणांत रुबिनाच्या बाटल्या. सगळ्यात खाली, मागच्या कोपऱ्यात, लोण्याच्या रिकाम्या डब्यात गावातल्या अकरा जणांचं इन्सुलिन. दर महिन्याला सरबताच्या क्रेटांबरोबर बर्फाच्या पेटीतून नवीन कुप्या यायच्या. फुकट.

दोन्या त्रान्सितोने त्या फ्रिजला विणलेला रुमाल घातला, वर मारियेची तसबीर ठेवली, आणि बाटली काढताना कुणी दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर ओरडायची, "लाव ते दार! आत माझा नवरा आहे!"

कातारिनोच्या अंगाला मांस धरू लागलं. कौलांचा चिखल तो पुन्हा तुडवू लागला. आणि त्याच युतीच्या पैशातून ओन्दिना नावाची एक तरुण नर्सबाई गावात नेमली गेली. तिने चर्चच्या ओसरीवर सगळ्यांना बसवून रुबिनाच्या एका बाटलीत किती साखर असते ते पेल्यात ओतून दाखवलं. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. नर्सबाईचं म्हणणं गावाने ऐकलं, असं एल तेहारच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. लोकांनी रुबिना पिणं सोडलं.

सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे.

नाहून हा रुबिनाचा माणूस. ट्रक तोच चालवायचा, क्रेट तोच उतरवायचा, हिशेबही तोच ठेवायचा. गोल चेहऱ्याचा, अदबीने बोलणारा. दोन महिन्यांनी तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"दोन्या, विक्री पडली."

"पडू दे. तुमच्याच युतीच्या बाईने सांगितलंय, पिऊ नका."

"ती आरोग्यवाली. मी विक्रीवाला. आम्ही एका फोटोत असतो दोन्या, एका खोलीत नसतो."

"बरं, मग?"

"मग असं, की विक्री नसेल त्या दुकानात कंपनी फ्रिज ठेवत नाही. खाली फाट्यावरच्या दुकानदाराने मागितलाय."

"आणि आतलं औषध?"

"औषध मंत्रालयाचं, फ्रिज कंपनीचा. औषध तिथे पाहुणं आहे. पाहुण्यासाठी कुणी घर बांधत नाही."

"तुझ्या आईने तुला जन्मल्या जन्मल्या बर्फाच्या पेटीत घातलं होतं का रे?"

नाहूनने मान खाली घातली. "माझी आईपण टोचून घेते, दोन्या. माझ्या हातात असतं तर..." हातात फक्त टोपी होती.

त्या रविवारी ओसरीवर सभा भरली. फ्रिज गेला तर अकरा माणसं जातील, हे सगळ्यांना कळत होतं. कुणी म्हणालं, विकत घेऊन डुकरांना पाजू. ते एकाने आधीच दोन दिवस करून पाहिलं होतं; डुकरं रात्रभर गावात शर्यती लावत होती. कुणी म्हणालं, घरात नुसती साठवू. पण घरात साठवलेलं सरबत आणि घरातली पोरं यांची गाठ कोण टाळणार? शेवटी कातारिनोने त्या दिवसाचं एक वाक्य टाकलं.

"जिला साखरेचा त्रास नाही तिला पाजा."

"कुणाला रे म्हाताऱ्या?"

"धरणीला."

आता पेरणीआधी, विहीर खणताना, घर बांधताना धरणीला मान द्यावा लागतो. कोको, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूर आणि मक्याची आंबवलेली चिचा. हे सगळं करणार दॉन फेलीसितो. हा गावातला प्रार्थना सांगणारा, हनुवटीवर मोजके केस, आणि त्या केसांचा अभिमान मात्र जंगलाएवढा. तो उसळला.

"धरणी म्हणजे काय बसस्टँडवरचा प्रवासी आहे, हातात बाटली द्यायला? तिला चिचा लागते! बुडबुडे चालत नाहीत!"

"तुझी चिचा पिऊन तिने गेल्या वर्षी काय दिलं? किडकी कणसं," कातारिनो म्हणाला. म्हणजे त्या दिवशी तो एकाहून जास्त वाक्यं बोलला. प्रकरण गंभीर आहे हे लोकांनी त्यावरूनच ओळखलं.

फेलीसितो हनुवटी खाजवू लागला. लोण्याच्या त्या डब्यात त्याच्या बहिणीचीही कुपी होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण रीत मोडणार नाही. अर्पण करणाऱ्याने पहिला घोट घेतल्याशिवाय धरणीला काही द्यायचं नाही. प्रत्येक बाटलीचा पहिला घोट माझा."

आणि मग एल तेहारच्या डोंगरउतारावर जे झालं ते डोंगराने आधी कधी पाहिलं नव्हतं. पेरणीच्या मानाला क्रेटच्या क्रेट उघडले. फेलीसितो पूर्वजांना हाक मारायचा, घोट घ्यायचा, ढेकर द्यायचा, आणि लाल फेस फसफसत सरीत उतरायचा. शेजारच्या तीन टेकड्यांवरच्या मुंग्या सहकुटुंब राहायला आल्या. गाव इतकं धर्मभोळं कधीच नव्हतं. नव्या कौलाला मान, आजारी गाईला मान, बसच्या नव्या टायरला मान. दोन्या त्रान्सितो दुकानात आलेल्याला विचारायची, "साबण देते, पण धरणीला शेवटचं कधी पाजलंस? लाज नाही वाटत?"

नाहून खूश झाला. कंपनी त्याहून खूश. त्याने दुकानासाठी बक्षीस आणलं: एक मोठी लाल छत्री. आणि बक्षिसाबरोबर बातमी.

"इतकी चांगली विक्री आहे दोन्या, की साहेबांनी तुमचा महिन्याला विकायचा आकडा वाढवला."

"वाढवला? का?"

"तुम्ही करून दाखवलंत म्हणून."

"म्हणजे मेलेलं गाढव जरा उठून बसलं, तर त्याच्यावर अजून दोन पोती टाकायची?"

"साहेबांची पद्धत तशीच आहे," नाहून खरेपणाने म्हणाला.

कॉफी वेचून आणलेली मजुरी बाटल्यांत जाऊ लागली. बायका घरात घेवडा पातळ करू लागल्या. ओन्दिना दारोदार रागावत फिरली, तिला सगळे म्हणायचे, "आम्ही कुठे पितो बाई? धरणी पिते." पण धरणीपर्यंत पोचण्याआधी वाटेत पोरं होती, तहान होती, उन्हाळा होता. प्रत्येक क्रेट धरणीपर्यंत पूर्ण पोचला असं छातीवर हात ठेवून कुणी म्हटलं नसतं. कातारिनो मात्र सकाळ-संध्याकाळ शर्ट वर करून पोटात सुई टोचून घ्यायचा, आणि दोन्या त्रान्सितो शेजारी उभी राहून त्याला शिव्या घालायची. दोघांचं बरं चाललं होतं.

पावसाळा संपता संपता फेलीसितो दुकानात आला आणि पाण्याचा तांब्या एका दमात संपवला. मग दुसरा. दोन्या त्रान्सितोने त्याच्या ढगळ विजारीकडे पाहिलं आणि ओन्दिनाला हाक मारली. ओन्दिनाने बोटातून रक्त काढलं. लोण्याच्या डब्यात बारावी कुपी आली.

"पूर्वज काय म्हणतात?" कातारिनोने विचारलं.

"म्हणतात, रीत पाळलीस," फेलीसितो म्हणाला.

त्यानंतर तीन महिने सगळं तसंच चाललं. मग एका शुक्रवारी नाहूनने क्रेट उतरवले आणि बर्फाची पेटी उतरवलीच नाही.

"विसरलास का?"

"नाही दोन्या. युती संपली. तेवढ्याच मुदतीची होती म्हणे. निधीवाल्यांनी दुसरा देश घेतला."

"म्हणजे फ्रिज नेणार?"

"छे! फ्रिज कसा नेऊ? तुमची विक्री डोंगरात पहिली आहे."

ओन्दिनाची नेमणूकही युतीचीच होती. ती त्याच ट्रकमध्ये नाहूनच्या शेजारी बसून खाली गेली. डोळे पुसत होती, आणि जाताजाता खिडकीतून ओरडत होती, पायाला जखम होऊ देऊ नका, उपाशी राहू नका, पिऊ नका.

दोन्या त्रान्सितो शहरात गेली. मंत्रालयाच्या कचेरीतल्या माणसाने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं की एल तेहारची सोय कंपनी बघते. कंपनीच्या कचेरीत थंडगार रुबिना मिळाली, आणि औषध हा मंत्रालयाचा विषय आहे असं कळलं. दोन्ही ठिकाणची माणसं इतकी सभ्य होती की शिवी द्यायला जागाच सापडली नाही. इस्पितळाच्या खिडकीवर ती रंगवलेली पाटी होती. खाजगी दुकानात इन्सुलिन होतं. जवळ होते तेवढ्या पैशांत एक कुपी आली. बर्फाच्या पिशवीत, पोटाशी धरून, बसमध्ये उभ्याने तिने ती आणली.

ती कातारिनोने एकट्याने घेतली नाही. "फेलीसितोच्या बहिणीची काल संपली," म्हणाला.

"तुझी परवा संपेल, मूर्खा!"

"मग परवा भांड."

परवा ती भांडली. त्यानंतरही भांडत राहिली, मुलांना फोन करून, पैसे मागवून, आणखी दोन कुप्या आणून. मुलं पाठवत होती, जमेल तसं. कुप्या बारा जणांत वाटल्या जात होत्या. एवढ्याशा औषधाने माणूस किती दिवस जगतो, याला डॉक्टरांकडे उत्तर असेल. कातारिनो पुन्हा घडे रिकामे करू लागला, मग उलट्या, मग त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोड वास येऊ लागला. शेवटच्या सकाळी त्याला खाली न्यायला गाडी मिळाली नाही. दोन्या त्रान्सितो त्याच्या उशाशी बसून बोलत राहिली. मक्याबद्दल, सुनांबद्दल, फेलीसितोच्या हनुवटीबद्दल. तो काहीतरी एक वाक्य टाकेल म्हणून मध्येच थांबायची, वाट बघायची, आणि पुन्हा सुरू करायची. दुपारी फेलीसितोने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाही ती बोलत होती.

नव्या महिन्यात नाहून आला. टोपी काढून दारात उभा राहिला. दुकानात साबणाचा वास होता आणि शांतता होती, आणि त्या दुकानात शांतता म्हणजे दुखवटाच.

"दोन्या," तो हळूच म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर मी लिहून देतो. विक्री बंद म्हणून. फ्रिज घेऊन जातो. परत तोंड दाखवणार नाही."

तिने फ्रिजचं दार उघडलं. खालच्या खणात लोण्याचा डबा होता. आत काही नव्हतं. तिने तो बाहेर काढला, आतून पुसला आणि परत कोपऱ्यात ठेवला.

"फ्रिज नेलास आणि औषध आलं तर?"

"औषध येणार नाहीये, दोन्या."

"मला माहीत नाही का? पण आलंच, तर ठेवू कुठे?"

बाहेर फेलीसितो भिंतीला टेकून उभा होता. त्याला आता उभं राहायला भिंत लागायची. गावातली चार माणसं क्रेट उचलून न्यायला आली होती. पेरणी जवळ आली होती.

"गेल्या महिन्याइतकेच क्रेट उतरव," दोन्या त्रान्सितो म्हणाली, आणि फ्रिजचं दार लावून घेतलं.