डोहातला चौथा मांगूर

बाजारातला जिवंत मासा विकत घेऊन नदीत सोडला, तर आपण एक जीव वाचवला असं तुम्हाला खरंच वाटतं का?

मला वाटलं होतं. इतकं की मी त्यावर पत्रक काढलं. आमच्या अमरावतीच्या घरात पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. हुंड्यावर, दारूवर, तेराव्याच्या जेवणावळीवर वडिलांनी काढलेलं. डोक्यात काही पेटलं की छापायचं आणि वाटायचं, हे मी तिथंच शिकले. माझ्या पत्रकात होतं : वाढदिवसाला केक कापू नका, एक जिवंत मासा विकत घ्या आणि पाण्यात सोडा. अमरावतीत क्लासेसच्या दारात वाटलं. दिवाळीत मामाकडे बाळापूरला गेले, तेव्हा तिथल्या बाजारातही वाटलं.

स्वतः न करता लोकांना सांगणं मला जमत नाही. म्हणून त्याच बाजारात मासेवालीकडे गेले. बाकीचे मासे बर्फावर मरून पडलेले. टबात तेवढे काळे, मिशांचे वळवळत होते.

"घे ना ताई, गावठी मांगूर हाय," ती म्हणाली. "पाण्याबाहेर ठेवला तरी लवकर मरत नाही."

एवढा चिवट जीव आणि लोक त्याला कापतात, याचाच मला राग आला. तीन घेतले आणि गावाजवळच्या मन नदीच्या डोहात सोडून आले. मामाला सांगितलं नाही. मामा त्याच डोहात शिंगाळा धरतो. तो हसला असता.

मामाची कापसाची शेती आहे, पण रविवार डोहाचा. शिंगाळाही मिशांचाच मासा, पण इथला. उन्हाळ्यात त्याचा नर तळाशी खड्डा करून पिल्लं राखत बसतो. त्या दिवसांत मामा गळ टाकत नाही, दुसऱ्यानं टाकला तर भांडतो.

उन्हाळ्यात परत गेले तेव्हा मामा काठावर नुसताच बसला होता.

"पाय, थे पाय," तो म्हणाला. पाण्यावर एक काळं चपटं डोकं आलं, हवेचा घोट घेतला आणि गेलं. "शिंगाळा असा वर येते काय कधी? कोन्या तरी शहाण्यानं अठी मांगूर सोडला."

"मामा, मी सोडले. तीन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काहून वो माय?"

"वाचवायला."

"कोणाले?"

मग त्यानंच सांगितलं : हा बाहेरच्या देशातला, याला पाळायला बंदी आहे, म्हणून गावठी म्हणून विकतात. समोर येईल ते खातो. टबात हाच जिवंत असतो, कारण तो वर येऊन हवा घेतो. म्हणजे माझं पत्रक वाचून बाजारात जाणाऱ्याला बहुधा हाच मासा मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं आपला नेम मोडला. गळाला कोंबडीची आतडी लावली. पहिल्यांदा लागला तो शिंगाळाच. मामानं हात ओले केले, गळ हळूच सोडवला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं.

"याची पिल्लं कोण राखून राहिलं आता?" तो म्हणाला. मासा निसटून खाली गेला. मामानं गळाला पुन्हा आतडी लावली.

संध्याकाळी पहिला मांगूर लागला. मामानं दगडावर त्याचं पोट फाडलं. आत शिंगाळ्याची नखाएवढी पिल्लं होती. मी अंडंसुद्धा न खाणारी. तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा मिळाला, पाचव्या दिवशी तिसरा. तिसरा मी स्वतः ओढला आणि दगडानं मारला.

"सुटलो बाप्पा," म्हणत मामा दोरी गुंडाळायला लागला.

आणि डोहाच्या मधोमध काळं डोकं वर आलं.

मामाची दोरी हातातच राहिली. "तुनं तीनच सोडले होते न?"

"हाव मामा, तीनच."

"मंग हा कोणाचा?"

दिवाळीच्या बाजारात एका माणसानं माझं पत्रक दोनदा वाचून, नीट घडी घालून खिशात ठेवलं होतं. तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. तोच असेल असं नाही. कोणीही असेल.

चौथा गळाला येत नाही. मी अमरावतीला परतले, वर्गात बसते आणि काही ऐकू येत नाही. मामाचा रोज फोन येतो : "आज बी दिसला." तो एकटा आहे की त्याला जोडीदार आहे, हे आम्हाला माहीत नाही. पावसाळ्यात नदी वाहती झाली की या डोहातून पुढे थेट पूर्णा नदीपर्यंत त्याला अडवणारं काही राहणार नाही.

माझं ते पत्रक तुमच्याकडे असेल तर फाडा. बाजारातला कुठलाही मासा नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. आणि आधीच सोडला असेल, तर आजच त्या काठावर जा. तिथं गळ टाकून बसणाऱ्या माणसाला कुठं सोडला आणि किती सोडले ते सांगा. लाज नंतर वाटून घ्या, आधी आकडा सांगा.