ओठाला लावलेलं चामडं

"तोंडाला लावलंस? शी! घरात देव आहेत माझे."

रामदासपेठेतल्या बंगल्याच्या मागच्या ओसरीवर मी बसले होते. ओठांवर रुपयाएवढी चामड्याची चकती. बाईसाहेबांनी तांब्या आणला. गोमूत्र कालवलेलं पाणी. माझ्यावर नाही टाकलं. समोर गोणपाटावर मांडलेल्या सगळ्या चकत्यांवर ओतलं.

त्यांच्याकडे आपोआप वाजणारा पियानो होता. देश सोडून गेलेल्या एका साहेबाचा. खालच्या पट्ट्यांवर पाय मारले की आतली हवा ओढली जाई, भोकं पाडलेला कागद फिरे आणि सूर निघत. प्रत्येक सुरामागे पातळ चामड्याची एक चकती. ती हवेनं उचलली गेली तरच सूर बोलणार. जुन्या चकत्या विरल्या होत्या. नव्या करायला माझा बाप आणि मी.

बानं खाप्याच्या बाजारातून करडांची कातडी आणली. एकेक उन्हासमोर धरून निवडलेली. गोचिडाच्या चाव्याचं सुईएवढं भोक दिसलं तरी बाद. मग तुरटी, अंड्याचा बलक आणि कणकेत मुरवून, रापीनं तासून कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ केली. शेवटची तपासणी ओठांनी. चकती ओठावर ठेवून हवा आत ओढायची. चिकटून राहिली तर पक्की. बाची छाती कातड्याचे केस काढायच्या चुन्यानं कामातून गेलेली. म्हणून हे काम माझ्याकडे.

"बाईसाहेब, तुरटीचं चामडं भिजलं का हाडासारखं होते जी," बा म्हणाला. "नवीन करून देतो."

"पूजा परवा आहे. हेच बसवा. आता शुद्ध झालंय."

पियानो दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीनं तेच बसवलं.

पूजेच्या संध्याकाळी आम्ही मागच्या दाराशी उभे. पियानो सुरू झाला आणि दमेकऱ्यासारखा घरघरला. अर्धे सूर निघेचनात. एक पाहुणा म्हणाला, "पियानोलाही विटाळ झाला वाटतं!" सगळे हसले.

बाईसाहेब तरातरा मागे आल्या. "तुझ्या पोरीच्या उष्ट्या तोंडानं घात केला."

बानं हात जोडले. पाण्याचं नावही काढलं नाही.

काही दिवसांनी पुन्हा बोलावणं. चकत्या नव्या करा, पण पोरीनं तोंडाला फडकं बांधून बसायचं. मग तपासायचं कसं? ते तुमचं तुम्ही बघा.

फडकं बानंच आणलं. धुतलेलं, घडी घातलेलं. ओसरीवर तो माझ्या मागे आला.

"बांधून घे वं पोरी. घडीभराचं काम आहे."

"काहून, बा?"

फडकं ओठांवर आलं. मानेमागे बाची बोटं गाठ मारत होती. रापी धरणारी तीच बोटं.

त्या वर्षी धम्मदीक्षा घेऊन आमच्या वस्तीतली माणसं मान वर करून चालायला लागली होती. माझी मान बाच्या हातात होती.

मी फडकं ओढून काढलं.

"बाईसाहेब, चामडं ओठानंच कळते. ओठ चालत नसन, तर चामडं बी मिळनार नाही."

तपासायला आणलेल्या नव्या चकत्या पदरात बांधल्या. उठले. पुढच्या दारानं बाहेर पडले. बा मागून आला. त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत बोलला नाही.

अजून ओठाला तुरटीची चव लागली की मानेमागे ती बोटं येतात. गाठ अर्धीच मारलेली. वळून बघते. कोणी नसतं.

आता हे काम माझं मी करते. बोलावणं आलं की आणणाऱ्याला माझ्या उंबऱ्यावरच सांगते. पुढच्या दारानं येईन. दिवाणखान्यात बसेन. प्रत्येक चकती तुमच्या देखत तोंडाला लावीन. ज्याला चालत नसेल, त्याचा पियानो मुका राहील.