सुनंदाची तक्रार कोणी बंद केली?

मंडळी, आज दुपारपासून नुसती शिसारी आली आहे, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

गोव्यात तुयेतल्या आमच्या कारखान्यात तक्रारींचं सॉफ्टवेअर मीच बघून-बघून शिकून बसवलं. कामगाराने तक्रार टाकायची, मेकॅनिकने दुरुस्ती करायची आणि ज्याची तक्रार त्यानेच शेवटी "बंद" दाबायचं, असे टप्पे मी हौसेने लावले होते.

आज प्रेस मशीनवरची सुनंदा आली. बेळगावकडची, तोंडाची फटकळ. "काका, तक्रार बंद झाली म्हणून मेसेज आलाय. मशीनची जाळी तर तुटकीच हाय. माझा हात गेला तर तुमचा मेसेज लावू काय हिथं?"

बघतो तर साहेबांनी माझा शेवटचा टप्पाच काढलेला. चोवीस तास झाले की तक्रार आपोआप बंद!

विचारलं तर हसून म्हणतात, "रिपोर्टात सगळें हिरवें दिसूंक जाय मरे!"

म्हणजे रिपोर्टात सगळं हिरवं, मिटलेलं दिसायला हवं! शी! बाईच्या बोटांपेक्षा यांना रंगाची काळजी.

मी मशीन थांबवायला लावलं आणि टप्पा परत घातला. उद्या साहेब ओरडतील, ओरडोत बापडे.

तुमच्याकडे तक्रार मिटली हे कोण ठरवतं हो? मशीनमध्ये हात घालणारा, की खुर्चीवर बसलेला?