जनावर दुभतं आहे का?

अन्याय झाला तो एका धामणीवर. केव्हा? यंदाच्या नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी, तिन्हीसांजेला, आमच्या घरच्या मोरीत. आदल्या दिवशी त्याच घरात पाटावर चंदनाने नाग काढून त्याला लाह्या-दूध वाहिलं होतं. आईने दिवसभर विळीला हात लावला नव्हता, का तर कुठल्या सापाला इजा नको. इजा करायचीच असेल तर पंचमी उलटू द्यावी, एवढं आमच्याकडे कडक पाळतात.

आमचं घर वडपे गावाच्या पुढे, हायवेवरून आत. मागे ओढा, ओढ्याकाठी करवंदीच्या जाळ्या आणि त्यापलीकडे टेकडी होती. आता तिथे गोडाऊन आहे. टेकडी होती तेव्हा रानडुकरं, घोरपडी, मुंगसं आपापल्या घरी असत, आमच्याकडे पाहुण्यासारखी येत. डुकरं भात तुडवत, मुंगूस कोंबडीची पिल्लं नेई. एकदा बिबट्याने कुत्रा नेला, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत, पण म्हणाले एवढंच, "त्याला बी पोट हाय." टेकडी कापली आणि पाहुणे मुक्कामालाच आले. गोडाऊनवाल्यांनी याला नाव दिलं, जनावरांचा उपद्रव. अख्खी टेकडी गिळणारा मात्र विकासक. मराठी भाषा समृद्ध आहे ती अशी.

आमच्या घरची मराठी त्यामानाने गरीब. सगळ्यांना एकच शब्द, जनावर. दिवा लागल्यावर सापाचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, ही आईची समजूत. सापामागोमाग बाकीच्यांचीही नावं गेली. कोणतं जनावर आलंय ते आईच्या हाताकडे बघून ओळखायचं. हातात झाडू, तर मुंगूस. पत्र्याचा डबा, तर डुक्कर. हात जोडलेले, तर साप. घरात हे झकास चालतं.

त्या संध्याकाळी आई हात जोडून मोरीतून उलट्या पावली बाहेर आली.

मी डोकावले. न्हाणीच्या बंबाशेजारी धामण वेटोळं करून बसली होती. चांगली लांब, पिवळसर, आणि आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली. धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. तरी शेजारचे काका गोडाऊनचे दोन हमाल घेऊन हजर झाले, हातात लोखंडी सळई. काकांनी जमीन गोडाऊनला दिल्यापासून त्यांना झाडाचं पान हललं तरी सळई लागते.

गावात सापांविषयी पत्रकं वाटते ती मीच; मी दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो गो पोरी."

"काका, धामण आहे. काही करत नाही ती."

"शेपटी मारली तर अंग सडतं, माहीत हाय? का तुझ्या पत्रकात छापलंस, की सडत न्हाय म्हणून?"

"छापलंय."

"मग पत्रक दाखव तिला. वाचून जाईल."

हमालांपैकी एक म्हणाला, "दीदी, हटो ना, हमारी ड्युटी का टाइम हो रहा है." धामण मारणं त्याच्या शिफ्टमध्ये बसत नव्हतं.

तोवर बाबांनी फोन लावला होता. वनखात्याचा उचलला गेला नाही, म्हणून पंचायतीत. स्पीकर चालू.

"घरात जनावर शिरलंय," बाबा म्हणाले.

"कोणाचं?"

"कोणाचं म्हंजे? आपलं आपण आलंय."

"शिंगं हायत?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. "न्हाय," बाबा म्हणाले.

"मग वासरू असंल. कानाला बिल्ला हाय का बघा. आणि जनावर दुभतं हाय का भाकड?"

"बाबा, साप म्हणा! साप!" मी ओरडले.

"दिवा लागलाय, गप!" आई माझ्यावर ओरडली.

"अगं आई, तो आलाय आधीच!"

"दुसरा येईल!"

बाबा घामाघूम. एकीकडे लेक, एकीकडे बायको, आणि कानाशी शासन. मधला मार्ग म्हणून ते म्हणाले, "लांबडं हाय हो, लांबडं जनावर."

पलीकडे जरा विचार झाला. "लांब असू दे नायतर आखूड. कोंडवाड्याचा माणूस उद्या येतो. तवर दाव्याला बांधून ठेवा."

सगळे हसले. हमाल हसले, आईसुद्धा पदरात हसली. काका हसत हसतच घराला वळसा घालून गेले, कारण मोरीला मागूनही दार आहे. सळईचा आवाज आला तेव्हा बाबा अजून फोनवर सांगत होते, "अवो, दावं बांधायचं कुठं?"

मग आदर सुरू झाला. मेल्यावर आमच्याकडे फार आदर. आईने मेलेल्या धामणीच्या तोंडात रुपया ठेवला, दूध शिंपडलं, बाबांनी ओढ्याकाठी लाकडं रचून तिला अग्नी दिला. काकांनीही हात जोडले. सळई काखेत होती.

त्या धामणीचा हक्काचा घास होता गोडाऊनचे उंदीर. आता ते आमच्या कणगीत आहेत आणि त्यांना उपद्रव म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही.

परवा भाताच्या बांधावर मी दुसरी धामण पाहिली. आई म्हणते जोडीदार आहे, सूड घ्यायला आला. सूड कसला डोंबलाचा! ओढ्याची उरलेली पट्टी परवापासून जेसीबी साफ करतोय, तिला जायला जागा नाही. ती कुठेतरी शिरणारच. आमच्या मोरीत, काकांच्या पडवीत, नाहीतर हे वाचता आहात त्या तुमच्या घरात.

तेव्हा हात जोडू नका, दूध आणू नका. जवळच्या सर्पमित्राचा नंबर आजच मोबाईलमध्ये घाला. आणि ती दिसली की आधी सळई घेऊन आलेल्या माणसाला दाराबाहेर काढा, घराची दोन्ही दारं लावा, आणि दिवा लागलेला असो वा नसो, फोनवर स्पष्ट म्हणा, साप.