वजा दहा मिनिटं

माझ्या भावजींचा कुठल्याच घड्याळावर काडीचा विश्वास नव्हता, आणि पोटापाण्याचा उद्योग मात्र तोच. कॉम्प्युटरच्या तळाशी 'कर्नल' नावाचा जो मूळ प्रोग्राम चालतो, त्याला वेळ सांगणारा कोड ते लिहीत. प्रोसेसरच्या आत एक आकडा सारखा वाढत असतो. तो वाचायचा आणि त्यावरून वेळ काढायची. पण असले आकडे फसवतात, म्हणून ते दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघायचे. पुढे गेलेली वेळ मागे ओढायची नाही, फरक लक्षात ठेवून वजा करायचा, हा त्यांचा नियम.

घरीही तेच. स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे पळायचं. ताई कावायची, "अहो, काटे फिरवायला हात दुखतात का?" "फरक माहीत आहे ना? मग झालं तर," म्हणत हे चहा गाळून घ्यायचे. मी त्यांचं नावच 'वजाबाकी' ठेवलं होतं.

ताईला हृदयविकाराचा झटका आला आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथेही पहिल्याच दिवशी यांनी मॉनिटरची वेळ मोबाइलशी ताडली. "हे दहा मिनिटं पुढे आहे बरं का," मला म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

त्या सकाळी ताई म्हणाली, "आज नका ना जाऊ." ऑफिसात काम अडलं होतं. "तुला माझ्या कामाची किंमतच नाही," असं तोडून बोलून भावजी निघून गेले. दुपारी चारला त्यांना राहवेना. फोन केला. नर्सने तो ताईच्या कानाशी धरला.

"चुकलो गं. निघालोय," ते म्हणाले.

ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नर्स म्हणाली, "तुमचा आवाज ऐकला त्यांनी. मग गेल्या." मॉनिटरमधून निघालेल्या कागदावर रेघ सपाट झाली होती, शेजारी वेळ छापलेली: चार वाजून पाच मिनिटं.

भावजींनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझीही वजाबाकी झाली होती. फोन वाजला तेव्हा ताई नव्हतीच. ती दहा मिनिटं मला ठाऊक नसती तर किती बरं झालं असतं!

आईने त्यांचा हात धरला. "तुमचं ऐकून गेली ना हो माझी पोर?"

भावजींनी कागदाची घडी घातली.

"हो आई. कागदावर वेळ आहे ना."