कड सोडून मोजावे

गुडघेसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सरांना त्याचा राग येत नाही, कारण ते खोटं नाही. गणित विभागातल्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून हा भला माणूस अकरा वर्षं एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागलाय: गुडघ्याला मार बसला की आतल्या कूर्चेचं पुढे काय होतं? कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. मार बसतो तिथल्या पेशी लगेच मरतात, मरता मरता रसायनांची बोंब ठोकतात, आणि ती ऐकून धडधाकट शेजारणीही माना टाकतात. उलट बाजूने समजूत घालणारी रसायनंही निघतात. बोंब जिंकते की समजूत, याची समीकरणं सर मांडतात.

आकडे येतात तळमजल्यावरून. तिथे प्रयोगशाळेतल्या बाई मेंढीच्या गुडघ्यातून नाण्याएवढ्या चकत्या कापतात, मधोमध वजन टाकतात, काचेच्या बशीत ठेवतात आणि रंग घालून मोजतात. जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. सर तिथे एकदाही उतरले नव्हते. वासाची नुसती कल्पनाही त्यांना सोसायची नाही. म्हणून सगळा कारभार ईमेलवर.

अशात त्यांची लेक व्हॉलीबॉल खेळताना गुडघ्यावर पडली. लेक म्हणजे सरांचा जीव की प्राण, आणि तिचा जीव त्या चेंडूत. डॉक्टरांनी तपासलं, कूर्चेला मार बसलाय म्हणाले, दोन महिने विश्रांती दिली आणि ती संपल्यावर पुन्हा तपासून हळूहळू खेळायला मोकळीकही दिली. दुसरा कुणी बाप डॉक्टरांना नमस्कार करून घरी आला असता. सरांनी लेकीचं वजन आणि उडीची उंची कॉम्प्युटरमध्ये घातली.

उत्तर आलं ते पाहून त्यांच्या पायांखालची जमीन सरकली. लाल रंग मधूनही पसरत होता आणि कडेनेही आत येत होता. वर्षभरात हिरवं काही उरतच नव्हतं.

"खेळ बंद," सरांनी घरी जाऊन सांगितलं.

"डॉक्टर हो म्हणाले ना!"

"डॉक्टरांनी समीकरण सोडवलेलं नाही."

"बाबा, हा माझा गुडघा आहे, तुमचा प्रबंध नाही!" असं म्हणून ती खोलीत गेली, आणि तेव्हापासून ताटही आतच नेऊ लागली. चार दिवस सर एकटेच जेवले. जेवले म्हणजे काय, घास चिवडत बसले.

पाचव्या दिवशी, आणखी आकडे मिळाले तर उत्तर थोडं सौम्य होईल या आशेने, ते नाकाला रुमाल लावून तळमजल्यावर गेले. बाई चकती कापत होत्या. गोल पातं दाबलं, चकती सुटली, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "बघा," त्या म्हणाल्या.

सरांनी डोळा लावला. चकतीभोवती लाल कडं होतं.

"अहो, वजन तर अजून टाकलंच नाही! मग हे मेलं कशानं?"

"पात्यानं. कापल्यावर कडेच्या पेशी मरणारच की. वहीत दर पानावर लिहिलंय मी, कड सोडून मोजावे."

"मग मला कडेसकट आकडे का पाठवलेत?"

"तुम्हीच लिहिलं होतंत, काहीही न गाळता सगळे पाठवा. म्हटलं, मोठी माणसं, काही कारण असेल."

सर मटकन स्टुलावर बसले. पात्याचं पाप ते इतकी वर्षं माराच्या माथी मारत होते. तिथल्याच कॉम्प्युटरवर त्यांनी कड काढून गणित पुन्हा चालवलं. लाल ठिपका थोडा पसरला आणि थांबला. सर लहान मुलासारखे टुणकन उठले. "बरा होणार! लेकीला आत्ता सांगतो, गणितच म्हणतंय!"

"सर," बाई हात पुसत म्हणाल्या, "ही मेंढीची चकती आहे. तुमची लेक बशीत राहत नाही."

एवढा शहाणा माणूस, पण तोंडात मारल्यासारखा रुमालाची घडी घालू लागला. बाई बरोबर बोलल्या होत्या, हेच जास्त लागलं.

घरी जाऊन ते लेकीच्या दाराशी उभे राहिले. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझ्या गुडघ्याचं पुढे काय होणार, मला खरंच माहीत नाही. भीती वाटली, म्हणून माहीत असल्यासारखा बोललो."

दार उघडलं. "अकरा वर्षं अभ्यास करून माहीत नाही?"

"नाही."

तिला हसू आवरेना. मग डोळे पुसत म्हणाली, "उद्या सकाळी सराव आहे. येणार?"

ते गेले. लेक जाळीपाशी उडी मारायला वाकली, आणि सरांनी डोळे गच्च मिटून घेतले. पाय टेकल्याचा आवाज आला. त्यांनी भीत भीत डोळे उघडले, तर ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडेच बघत होती.

"बाबा, ही उडी धरली नाही," ती ओरडली. "आता बघा!"