दुसरी ओवी

नागावहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तेव्हा मी पनवेलला शाळेत निघाले होते. असं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं. मी तीनदा वाचलं. मालूताई गेल्या, हे पहिल्या दोन वेळा खरंच वाटेना...

नागावच्या शाळेत आम्ही दोघी मास्तरणी. त्या वयाने मोठ्या आणि तोंडाने माझ्याहून तिखट. पदरी मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी त्यांनी मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली. पेशवाईत आपल्याच किनाऱ्यावर विकत आणलेली एक दासी पोर, आणि तिची पुढे झालेली कवयित्री. ताईंच्या वाडीत दुपारी बायका सुपारी सोलायला बसत, त्यांना ताई ताजं प्रकरण वाचून दाखवत. गोष्टीत मालकाचा मुलगा पोरीला चोरून अक्षरं शिकवी आणि मग ती कविता लिही. मला ते फार आवडलं होतं. चंद्री नावाच्या म्हातारीने मात्र हातातली सुपारी खाली ठेवली.

"बाई, लिवायला कशाला यायला पायजे? जात्यावर बसली का ओवी येतेच. पन पयली देवाला, दुसरी आईबापाला. हिला तं आईबाप ठावं न्हायत. मंग ही दुसरी कोनाला गायची?"

ताईंनी त्या संध्याकाळी सहा प्रकरणं चुलीत घातली. मी हळहळले, तर म्हणाल्या, "अगं, आपण मास्तरणी. अक्षराशिवाय कुणाला काही येतं, हे आपल्याला पटतच नाही."

नव्या गोष्टीतली पोर पहिली ओवी देवाला गाते आणि दुसरीपाशी गप्प होऊन नुसतं जातं ओढते. अगदी शेवटच्या पानावर ती दुसरी ओवी गाते, स्वतःला. मुंबईच्या प्रकाशकांना पुस्तक पसंत पडलं. फक्त ती ओवी पोरीने स्वतःला नाही, तर तिला दास्यातून सोडणाऱ्या दयाळू मालकाला गावी, असं त्यांना हवं होतं, मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून. पुस्तक निघावं यासाठी ताईंचा जीव किती तुटत होता, ते मी पाहत होते. मीच म्हटलं, एका ओवीचा तर प्रश्न आहे.

"त्या एका ओवीसाठीच लिहिलंय," म्हणाल्या, आणि हस्तलिखित परत मागवलं.

आठ वर्षं ते ट्रंकेत पडून होतं. मग अलिबागच्या एका लहानशा छापखान्याने जसंच्या तसं छापलं. पहिली प्रत ताईंनी चंद्रीच्या हातात ठेवली. मला ताईंचा आजही अभिमान वाटतो, आणि माझ्या त्या शहाणपणाची लाज.

परवा नागावला गेले. चंद्री केव्हाच गेली. तिची नात कमळी, ताईंचीच विद्यार्थिनी, मागच्या पडवीत ताईंच्या जात्यावर दळत होती. मी दारातच थांबले. पहिली ओवी देवाला झाली. दुसरी तिने ताईंचं नाव घेऊन गायली. तिची आई समोरच सुपारी सोलत बसली होती. तिने ऐकलं, मान हलवली आणि पुढची सुपारी हातात घेतली.